टेबलावर चालू, जागेवर बंद: जुना सीपीयू सुरू न होण्याचं त्रांगडं

"भाऊ, सीपीयू सुरूच नाही होऊन राह्यला. काल संध्याकाळलोक तं चांगला होता."

असा फोन आठवड्यातून एकदा तरी येतोच. अंजनगाव सुर्जीच्या बाजूला माझं दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. वर सातपुड्याच्या पायथ्याला संत्र्याचा पट्टा, खाली दर्यापूरकडे खारपाणपट्टा, आणि दोन्हीकडची मशीनं माझ्या टेबलावर. बहुतेक जुनीच असतात: जी३१ मदरबोर्ड (सगळे भाग जिथे जोडले जातात ती आतली मुख्य पाटी), कोअर टू ड्युओ प्रोसेसर, डीडीआर २ रॅम, फार तर एच६१ बोर्ड. शाळा, सेवा सोसायटी, दूध संकलन, ऑनलाइन फॉर्म भरणारी दुकानं, सगळीकडे हीच राबतात. सातबारा काढायला आणि पीक विम्याचा फॉर्म भरायला याहून जास्त लागत नाही. (खरा सीपीयू म्हणजे आतली चिप, पण आपल्याकडे अख्ख्या डब्यालाच सीपीयू म्हणतात. मीही तेच म्हणणार.)

मशीन सुरू होत नाही याची दुरुस्ती तशी अवघड नाही. डोकं पिकवतो तो वेगळा प्रकार: त्यांच्याकडे बंद, माझ्या टेबलावर चालू. संत्रा पट्ट्यातल्या एका गावच्या सोसायटीचं मशीन असंच एका हिवाळ्यात तीनदा आलं. पहिल्यांदा दुकानात वायर लावली, बटण दाबलं, झालं सुरू. धूळ उडवली, शंभर रुपये घेतले, परत दिलं. आठ दिवसांनी तीच तक्रार. मी "एसएमपीएस (डब्यातला वीज पुरवणारा भाग) कमजोर झालाय" म्हणून नवीन टाकला. तिसऱ्यांदा तिथल्या कॉम्प्युटरवाल्या ताई मशीनसोबत स्वतःच आल्या, म्हणाल्या, "भाऊ, तुमच्या दुकानात याले काय खाऊ घालता?"

प्रश्न बरोबर होता. आपण मशीन उचलून दुकानात आणतो म्हणजे नेमकं काय काय बदलतो, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा कागदावर लिहून काढलं. बोर्ड बदलतो, म्हणजे भिंतीवरचा. पॉवर केबल बदलते, कारण लोक फक्त डबा आणतात. यूपीएस किंवा एक्स्टेन्शन मागेच राहतं. प्रिंटर, हब, पेनड्राइव्ह, कीबोर्ड सगळं सुटतं. तासभर वीज नसते, त्यामुळे एसएमपीएसची अडकलेली सुरक्षा (बिघाड दिसला की वीज तोडणारी सोय) आपोआप मोकळी होते. मोटरसायकलवर हादरे बसतात, त्यात सैल रॅम कधी बसते, कधी उठते. आणि सकाळी आठ अंशांत गारठलेलं मशीन दुपारच्या उन्हातून येऊन कोमट झालेलं असतं. यातली कोणतीही एक गोष्ट "दुरुस्ती" करून जाते आणि पैसे आपण घेतो.

म्हणून मशीन उचलण्याआधी जागेवरच, तेही बंद पडतं त्याच वेळेला, काही गोष्टी बघा.

सगळ्यात आधी माऊस उलटा करा. खालून लाल उजेड दाखवणारा साधा ऑप्टिकल माऊस असेल तर मशीन बंद असतानाही बहुतेक बोर्डांवर तो पेटलेला दिसतो, कारण वायर लावल्या लावल्या एसएमपीएस ५ व्होल्टची एक वेगळी स्टँडबाय लाइन, म्हणजे मशीन बंद असतानाही चालू राहणारी, मदरबोर्डाला देतो. काही मदरबोर्डवर हिरवा छोटा एलईडीही असतो. उजेड आहे, म्हणजे भिंतीपासून एसएमपीएसपर्यंत वीज पोचते आहे, दोष पुढे कुठेतरी. उजेड अजिबात नाही, तर स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवा आणि भिंतीकडे वळा.

भिंतीकडे वळल्यावर पहिली चूक सगळे एकच करतात: टेस्टर लावतात, तो पेटतो, आणि "लाइन तं आहे" म्हणून मोकळे होतात. टेस्टर फेज सांगतो, न्यूट्रलबद्दल चकार शब्द काढत नाही. न्यूट्रल सैल असेल तरी टेस्टर दिवाळीसारखा पेटेल. एलईडी बल्बवरही जाऊ नका, तो कशाही विजेवर उजेड देतो. जुना १०० वॅटचा पिवळा बल्ब होल्डरला दोन वायरी जोडून दुकानात ठेवलेला आहे, तो त्याच सॉकेटला लावतो. पूर्ण उजेड दिला तर सॉकेट शाबूत. मंद किंवा लुकलुकता असेल तर सॉकेटच्या पितळी पट्ट्या पसरल्यात, आत काजळी धरली आहे, किंवा कटआऊटमध्ये न्यूट्रलचा स्क्रू ढिला आहे. पॉवर केबल डब्याच्या मागे नीट खोलवर जाते का तेही बघा. उंदराने कुरतडलेली केबल टेबलाच्या मागच्या बाजूला असते, समोरून चांगली दिसते.

आता सोसायटीची गोष्ट पुरी करतो. तिसऱ्या वेळी मी मशीन घेऊन त्यांच्याकडेच गेलो, सकाळी साडेनऊला. मल्टिमीटर (व्होल्टेज मोजायचा मीटर) सॉकेटमध्ये घातला: २३४ व्होल्ट. मशीन एका बटणात सुरू. ताई माझ्याकडे बघताहेत, मी त्यांच्याकडे. चहा झाला. जानेवारी होता, संत्र्याच्या आंबिया बहारासाठी दिलेला ताण, म्हणजे तोडलेलं पाणी, सुटून बागांना पाणी सुरू झालं होतं. साडेदहाच्या सुमारास पंपांची लाइन आली आणि माझ्या डोळ्यांसमोर मीटरवरचा आकडा २३४ वरून १९०, मग १७२, मग १५८ वर येऊन बसला. छताचा पंखा चालू केला तर पाती मोजता येत होती. मशीन बंद करून पुन्हा बटण दाबलं. समोरचा पंखा जेमतेम अर्धा वेढा फिरला आणि थांबला. माऊस मात्र लाल पेटलेला.

यात गूढ काही नाही. एसएमपीएस आधी वीज डीसी करून मोठ्या कॅपॅसिटरमध्ये साठवतो: २३० एसीचे जवळपास ३२५ डीसी होतात, १५८ चे २२३. स्टँडबायचं छोटं सर्किट तेवढ्यावर निभावतं, म्हणून माऊस पेटतो. मुख्य भागाला मात्र सुरू होताना एकदम जोर लागतो आणि तिथे तो दम टाकतो. आधीपासून चालू असलेलं मशीन कसंबसं तगून राहतं, बंद केलेलं उठत नाही. सोसायटीत सकाळी उघडल्या उघडल्या सुरू केलं की दिवसभर ठीक. अकराला लाइन जाऊन आली की संपलं. आणि माझ्या दुकानात व्होल्टेज २२० च्या खाली क्वचितच जातं.

यूपीएस होता हो. ६०० व्हीएचा. बॅटरी बसली म्हणून वायर काढून टेबलाखाली ठेवलेला, पाय ठेवायला. या यूपीएसमध्ये कमी व्होल्टेज उचलून धरणारी सोय असते, पण बॅटरी मेली की बहुतेक यूपीएस धड सुरूच होत नाहीत, नुसते टक-टक करत राहतात. १२ व्होल्ट ७ एएचची नवी बॅटरी टाकली, मशीन त्यावरून घेतलं, तक्रार थांबली. आपल्या उन्हाळ्यात या बॅटऱ्या दोन-तीन वर्षांत जातात, हे धरूनच चाला.

इथे एक सावधगिरी. जुन्या एसएमपीएसच्या मागे ११५/२३० लिहिलेला लाल सरकता खटका असतो. "लाइट डिम आहे तं ११५ वर टाक" असा सल्ला देणारे महाभाग गावोगाव आहेत. मशीन सुरू होतंही. मग दुपारी पंप बंद होतात, व्होल्टेज वर येतं, आतल्या कॅपॅसिटरवर दुप्पट दाब बसतो आणि फटाका फुटल्यासारखा आवाज येतो. एका शाळेत पोरांनी नखाने हा खटका सरकवला होता. बटण दाबणाऱ्या गुरुजींनी आठ दिवस मशीनला हात लावला नाही. खटका २३० वरच असावा. मी तर वर चिकटपट्टी मारून देतो.

दुसरा हिवाळी प्रकार याच्यासारखाच दिसतो, पण व्होल्टेज ठीक असतं. सकाळी बटण दाबलं, काही नाही. पाच-सात वेळा दाबलं, वायर काढून लावली, दहा मिनिटांनी झालं सुरू. मग दिवसभर कितीही वेळा बंद-चालू करा, काही तक्रार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच, आणि दर आठवड्याला "उठायला" जास्त वेळ. हा एसएमपीएसमधल्या स्टँडबायच्या कॅपॅसिटरचा आजार. त्यातलं द्रव वर्षानुवर्षांच्या उष्णतेने सुकत जातं. या कॅपॅसिटरचं ढोबळ गणित असं आहे की तापमान १० अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं. आपल्याकडे मे महिन्यात खोलीतच ४२-४३ अंश असतात, डब्यात त्याहून जास्त, तेव्हा आयुष्य उन्हाळ्यात जळतं आणि कळतं थंडीत, कारण गार कॅपॅसिटर आणखी ढेपाळतो. मशीन दुकानात येईपर्यंत ऊन लागून तो माणसात आलेला असतो.

हे पकडायला साधा मीटर पुरतो. २० किंवा २४ पिनचा जो मोठा कनेक्टर मदरबोर्डात जातो, त्यातली जांभळी वायर म्हणजे स्टँडबाय. कनेक्टर लावलेलाच असू द्या, मागून मीटरची सुई जांभळ्यात घाला, दुसरी कोणत्याही काळ्यात. ४.७५ ते ५.२५ व्होल्टमध्ये हवं. सकाळी गारठ्यात ४.२ वगैरे दाखवून आकडा नाचत असेल आणि कोमट झाल्यावर ५ वर येत असेल, तर शोध संपला. शून्य असेल आणि भिंत ठीक असेल, तर एसएमपीएस गेला.

बाहेर काढून तपासायचा तर कागदाची पिन. वायर काढा, सगळे कनेक्टर मदरबोर्डातून सोडवा, पिन वाकवून हिरव्या वायरच्या भोकात आणि शेजारच्या काळ्यात घाला, एखादी जुनी हार्ड डिस्क किंवा डीव्हीडी ड्राइव्ह वीज खाणारा भार म्हणून जोडा, मग वीज लावा. पंखा फिरला तर तो जिवंत आहे, एवढंच कळतं. पंखा फिरला म्हणजे एसएमपीएस चांगला, असं समजून मीही फसलोय. पिवळी वायर ११.४ ते १२.६, लाल ४.७५ ते ५.२५, नारिंगी ३.१४ ते ३.४७ या हद्दीत आहे का मोजा. काही ब्रँडेड मशीनच्या पिनांची मांडणी आणि रंग वेगळे असतात, तिथे पिन घालण्याआधी लेबल वाचा.

एसएमपीएसचा डबा मात्र घरी खोलू नका. वायर काढल्यावरही आतल्या मोठ्या कॅपॅसिटरमध्ये ३०० च्या वर व्होल्ट बसून राहू शकतात. आणि नवीन घेताना हातात घेऊन तोला. वर ४५० वॅट लिहिलेला, पण वजनाला रिकाम्या डब्यासारखा लागणारा एसएमपीएस मी आता गिऱ्हाइकाला देत नाही.

माऊस पेटतो, व्होल्टेज चांगलं, जांभळी ५ वर, तरी बटणाला दाद नाही? मग बटणावरच शंका घ्या. समोरचं पॉवर बटण हा पाचेक रुपयांचा प्लास्टिकचा खटका, दहा-बारा वर्षं दाबून दाबून बसतो. मदरबोर्डच्या कोपऱ्यात जिथे समोरच्या बारीक वायरी येतात, तिथे पॉवर स्विचच्या दोन पिना असतात. त्यावरची टोपी काढा आणि स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने दोन्ही पिना क्षणभर जोडा. मशीन सुरू झालं तर खर्च शून्य: रीसेट बटणाची वायर काढून पॉवरच्या पिनांवर लावा, यापुढे रीसेट दाबून सुरू करा. माझ्या दुकानातलं स्वतःचं मशीन चार वर्षं असंच चालू आहे. उलटा प्रकारही होतो, बटण आत अडकून राहतं. मग मशीन सुरू होतं आणि बरोबर चार-पाच सेकंदांत बंद पडतं, कारण बटण चार सेकंद दाबलेलं राहिलं की बंद व्हायचं हे बोर्डाला शिकवलेलंच असतं. चार सेकंद मोजून बंद पडणारं मशीन दिसलं की आधी बटण नखाने बाहेर ओढून बघा.

पंखा किंचित हलून थांबतो, पण व्होल्टेज नीट आहे, अशा वेळी कुठेतरी शॉर्ट आहे आणि एसएमपीएस स्वतःला वाचवतोय. शाळेच्या मशीनमध्ये मी सगळ्यात आधी समोरचे यूएसबी बघतो. पेनड्राइव्ह उलटी ठोसून ठोसून आतली प्लास्टिकची जीभ तुटलेली असते आणि पिना वाकून पत्र्याला टेकलेल्या असतात. समोरच्या यूएसबीची वायर मदरबोर्डवरून काढली की मशीन सुरू. तसं नसेल तर सगळं सोडवा: हार्ड डिस्क, डीव्हीडी, कार्ड, प्रिंटर. फक्त बोर्ड, प्रोसेसर, एक रॅम. सुरू झालं की एकेक लावत जा, बंद पडेल तो चोर. मध्ये प्रत्येक वेळी वायर काढून बटण तीस सेकंद दाबून ठेवायचं, म्हणजे साठलेली वीज निघून जाते. हे विसरलात तर सुरक्षा अडकलेलीच राहते आणि आपण चांगल्या भागाला चोर ठरवतो. प्रोसेसरजवळचा चार पिनांचा पिवळा-काळा कनेक्टर परत लावायला विसरू नका. हे मी फार लोकांना आणि दोनदा स्वतःला सांगितलंय.

आता खोलून बघताना जे दिसतं ते. प्रोसेसरच्या आजूबाजूला उभे कॅपॅसिटर असतात, त्यांचा माथा सपाट हवा. माथ्यावर अधिकच्या चिन्हासारखी खाच असते, ती फुगून वर आली असेल किंवा तिथून तपकिरी काही पाझरलं असेल तर बोर्डाचा आजार कळला. साधारण २००० ते २००७ या काळातल्या बोर्डांत हे फार झालं. चांगला कारागीर डाख काढून नवे बसवतो, पण दोन-तीनपेक्षा जास्त फुगले असतील तर त्या बोर्डावर पैसे घालू नये असं माझं मत आहे.

खारपाणपट्ट्यातली मशीनं वेगळी ओळखू येतात. उन्हाळाभर डब्याच्या अंगावर कूलर, कूलरमध्ये बोअरचं खारं पाणी. ते तुषार पंख्याने आत ओढले जातात, पाणी उडतं, मीठ राहतं. दर्यापूरकडच्या एका दुकानातलं मशीन उघडलं तर बोर्डावर पिठी भुरभुरल्यासारखा पांढरा थर. एप्रिल-मेमध्ये काही होत नाही, कारण मीठ कोरडं असतं. मृगाचा पाऊस पडून हवा ओली झाली की हेच मीठ ओल धरतं, वीज वाट्टेल तिथून वाट काढते, आणि ऐन जुलैत, पीक विम्याच्या गर्दीत, मशीन उठत नाही. मऊ ब्रश आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने बोर्ड धुतला, उन्हाआड दिवसभर वाळवला, सुरू झाला. कूलरची दिशा बदला, एवढं एकच औषध.

त्याच पावसात कुंभारीण माशी येते. एसएमपीएसच्या मागची जाळी तिला घरटं करायला फार आवडते. एकदा पंखाच जाम करून टाकलेला होता, मातीची तीन सुबक मडकी, आत अळ्यांसाठी डंख मारून लुळे करून ठेवलेले कोळी. पालीचं तर विचारूच नका. पावसाळ्याआधी मागच्या जाळीत एकदा बॅटरी मारून डोकावत जा.

पंखे फिरतात, दिवे लागतात, पण स्क्रीन काळी, हा आजार वेगळा. लोक तोही "सुरू होत नाही" म्हणूनच सांगतात. रॅम काढा, सोनेरी पट्टी खोडरबरने पुसा, दुसऱ्या खाचेत लावा. लांब लांब बीप येत असतील तर बहुतेक वेळा रॅमच. मग सीआर२०३२ सेल मोजा, ३ व्होल्टचा असतो, अडीचच्या खाली गेला तर बदला. काही जुने बोर्ड मेलेल्या सेलवर अडून बसतात.

डब्याला हात लावला की झिणझिण्या येतात? टेस्टर मागच्या स्क्रूला लावा, पेटला तर अर्थिंग नाही. एसएमपीएसच्या आतल्या फिल्टरमुळे बिनअर्थिंगच्या डब्यावर जवळपास निम्मं व्होल्टेज उतरतं. काळ्या जमिनीत हे उन्हाळ्यात जास्त होतं: माती आक्रसते, हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि अर्थिंगचा पाइप मातीपासून सुटतो. मार्च ते जून खड्ड्यात आठवड्याला बादलीभर पाणी ओता. मीटरने न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये मोजा, दोन-तीन व्होल्टच्या वर जायला नको.

सोसायटीतला जो एसएमपीएस मी दुसऱ्या फेरीत कमजोर म्हणून काढला होता, तो दुकानात पडून होता. कागदाची पिन लावून मोजला, तिन्ही वायरी हद्दीत. तोच परत बसवला आणि नव्याचे पैसे ताईंना परत दिले. त्यांनी मोजून घेतले, कप्प्यात ठेवले, आणि विचारलं, "मंग ते पहिले शंभर कायचे होते?"